गेम विकत घेतला, कंपनीला काय कळलं?

लातूरच्या शिकवणीतला मुलगा मोबाइलवर खेळतो तो गेम बहुधा फुकटचा. मग त्याचं मत कंपनीपर्यंत जातं कसं? वेळेतून. तो किती मिनिटं खेळला, कुठे अडून सोडून दिलं, दुसऱ्या दिवशी परतला का, हे सारं सर्व्हरवर नोंदलं जातं.

विकतच्या गेममध्ये मात्र मताऐवजी मोजला जातो तो पैसा, आणि पैसा कारण सांगत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं ‘राजी’ या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागितली, ठरलेली रक्कम जमली नाही. लोकांना विषय रुचला नाही, की स्टुडिओ अनोळखी होता? आकडा ते सांगत नाही. गेम २०२० मध्ये आलाच, आणि बरं झालं! विक्रीचा आकडाही असाच मुका. नांदेडच्या कुणाला मराठीतला गेम हवा असेल, तर नुसत्या खरेदीतून ते कधीच कळणार नाही, परीक्षणात लिहावंच लागेल. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करताना कारण विचारतात. मला ते विक्रीहून बोलकं वाटतं.

बोलण्याचा परिणाम होतो. २०१७ मध्येच खेळाडूंच्या संतापामुळे ‘ईए’ या कंपनीनं ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या गेममधली पैसे देऊन करायची खरेदी ऐनवेळी बंद केली. २०१८ मध्ये ती परतली, पण फक्त पात्रांचं रूप बदलण्यापुरती.