नॉर्वेचे दोन कायदे

बर्गन : नॉर्वेत येणारा पाहुणा बोटीच्या कठड्याला टेकून फ्योर्ड पाहतो, फोटो काढतो आणि पुढच्या बंदराकडे निघतो. हाताशी एखादा दिवस जास्त असेल, तर त्याने सोल्व्होर्नला यावं आणि फेरीने पलीकडे उर्नेसला उतरावं. किनाऱ्यापासून थोडा चढ चढला की बाराव्या शतकातलं लाकडी चर्च दिसतं. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवरचं कोरीव काम तर त्याहून जुनं, अकराव्या शतकातल्या आधीच्या चर्चचं. नवं बांधताना ते जपून बसवलेलं. सडपातळ जनावरं आणि साप यांची अशी गुंतवळ की कोण कुणाला चावतंय याचा छडा लावण्यात अर्धा तास सहज जातो. १९७९ पासून हे चर्च युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

उभ्या खांबांवर तोललेली अशी ‘स्टाव्ह चर्चं’ मध्ययुगात इथे शेकड्यांनी होती. आज उरलीत फक्त २८. आग, कुजणं ही कारणं आहेतच. पण जी तगून राहिली होती त्यांतल्या बऱ्याच चर्चचा घास १८५१च्या एका कायद्याने घेतला. परिसरातल्या लोकांचा ठरावीक हिस्सा चर्चमध्ये मावलाच पाहिजे, असं त्याने बजावलं. जुनी चर्चं लहान आणि अंधारी. गावकऱ्यांनी ती पाडली आणि ऐसपैस नवी बांधली. वारसा जपणाऱ्या एका संस्थेने उर्नेस ताब्यात घेतलं ते १८८१मध्ये. म्हणून ते आज पाहता येतं.

दुसरा कायदा १९५७चा, आणि माझ्या मते देशातली सर्वांत देखणी गोष्ट तीच. डोंगर, जंगल, माळ कुणाच्याही मालकीचा असो, पायी हिंडायला कुणालाही मुभा. तंबू ठोकायचा तर वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर, आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं तर मालकाला विचारून. शेतात मात्र पाऊल टाकायचं नाही. हिवाळ्यात जमीन गोठली किंवा बर्फाखाली गेली की तेही खुलं. रानातली बेरी आणि अळंबी खुशाल वेचावीत. अपवाद उत्तरेकडच्या ‘मुल्ते’ नावाच्या नारिंगी बेरीचा. तिकडे जमीनमालक ती वेचायला मनाई करू शकतो, पण जागच्या जागी तोंडात टाकायला त्याचीही हरकत चालत नाही.