हुकूम कोणाचा?

पडद्यावरच्या राज्यक्रांत्या फार देखण्या असतात. आइझेनस्टाइनच्या 'ऑक्टोबर' या चित्रपटात पेट्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यावर चालून जाणारा जनसागर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना वाटेल की रशियाचे हंगामी सरकार तुंबळ रणात पडले. प्रत्यक्षात ७ नोव्हेंबर १९१७ च्या त्या रात्री शहरात ट्रामगाड्या धावत होत्या, नाटकगृहे उघडी होती. राजवाड्याच्या रक्षणाला थोडे लष्करी विद्यार्थी, मूठभर कोसॅक आणि स्त्रियांच्या पलटणीची एक तुकडी, एवढेच काय ते उरले होते. त्यांतलेही पुष्कळसे रात्र चढत गेली तसे घरोघर गेले!

मी मराठीचा मास्तर. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण 'हंगामी सरकार' हे शब्द वाचले की मी थबकतो. हंगाम म्हणजे योग्य वेळ. तो साधला तर दाणे घरात, चुकला तर वर्ष वाया, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या सरकारला मात्र ते आठ महिन्यांत उमगले नाही, आणि शेतकरी तर त्याच्याभोवती कोट्यवधींनी होते.

मार्च १९१७ मध्ये झार निकोलसने राजत्याग केला आणि प्रिन्स ल्वोव याच्या नेतृत्वाखाली हे मंत्रिमंडळ आले. माणसे शिकलेली, कायदा मानणारी. त्यांनी भाषणस्वातंत्र्य दिले, फाशी रद्द केली. परंतु त्यांचा जन्म होण्याच्या आदल्याच दिवशी कामगार-सैनिकांच्या सोव्हिएतने आपला 'हुकूम क्रमांक १' काढला होता. पलटणीपलटणीत शिपायांच्या समित्या निवडाव्यात, शस्त्रे त्यांच्या ताब्यात राहावीत, आणि ड्यूमाच्या लष्करी मंडळाचे हुकूम सोव्हिएतच्या हुकमाविरुद्ध नसतील तरच पाळावेत, असा त्याचा आशय. म्हणजे शिक्का एकाकडे आणि शिपाई दुसऱ्याकडे! आठवडाभरातच युद्धमंत्री गुचकोव याने सेनापती अलेक्सेयेव याला पत्रातून कबूल केले की सैन्य, रेल्वे, टपाल, तार सारे सोव्हिएतच्या हाती आहे आणि ते चालू देतील तोवरच आपण आहोत.

असे असूनही सरकारला वेळ होता. लोकांचे मागणे तरी काय होते? शेतकऱ्याला जमीन आणि शिपायाला घर. शिपाई तरी कोण, गणवेष घातलेला शेतकरीच. पण मंत्र्यांचे उत्तर ठरलेले असे: आम्ही हंगामी, जमिनीचा निर्णय घटनासभा घेईल. उत्तर कायद्याला धरून होते, यात शंका नाही. मग ती घटनासभा तरी लवकर बोलवावी! निवडणूक आधी सप्टेंबरात ठरली, मग नोव्हेंबरवर गेली. इकडे गावकऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनी आपापल्या वाटून घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्या वाटणीत आपला हिस्सा बुडू नये म्हणून शिपाई खंदक सोडून गावाकडे निघाले होते. युद्ध चालूच ठेवायचा हट्ट, आणि तो चालवणारे हात गळतीला लागलेले. उन्हाळ्यातली चढाई फसली, तेव्हा आघाडीवर फाशी पुन्हा आणावी लागली.

जुलैत पंतप्रधान झाला तो अलेक्झांडर केरेन्स्की. येथे दैवाने एक गंमत करून ठेवली आहे. केरेन्स्की आणि लेनिन दोघेही सिंबिर्स्क या एकाच गावचे. लेनिनच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे केरेन्स्कीचा बाप! १८८७ साली लेनिनचा थोरला भाऊ झारविरोधी कटात फासावर गेला. तशा दिवसांत त्या मुख्याध्यापकाने या हुशार विद्यार्थ्याला उत्तम शिफारसपत्र दिले. एका शिक्षकाला शोभेल असेच ते काम होते.

केरेन्स्कीला भित्रा म्हणून हसण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. वक्ता म्हणून तो असामान्य होता. मात्र टाळ्या म्हणजे ताबेदारी नव्हे. सप्टेंबरात सेनापती कॉर्निलोव याने राजधानीवर सैन्य धाडले, तेव्हा सरकारला सोव्हिएतचेच पाय धरावे लागले. कामगारांना बंदुका मिळाल्या, रेल्वेवाल्यांनी गाड्या अडवल्या, कॉर्निलोव लढाईवाचून थांबला. पण त्या बंदुका परत कोण देतो? सेनापतींचा विश्वास गेला तो गेलाच, आणि लौकरच पेट्रोग्राडच्या सोव्हिएतमध्ये बोल्शेविकांचे बहुमत होऊन ट्रॉट्स्की तिचा अध्यक्ष झाला.

मग राहिले ते केवळ उरकणे. पूल, स्थानके, टेलिफोन कचेरी आणि सरकारी बँक एका रात्रीत ताब्यात गेली. केरेन्स्की आघाडीवरून फौज आणायला सकाळी मोटारीने निघून गेला. त्याच्यासाठी निघाले ते जनरल क्रास्नोवचे काही शेकडा कोसॅक, आणि तेही राजधानीबाहेरच अडले. पुढे तो परदेशी गेला आणि १९७० साली न्यूयॉर्कला वारला. राजवाड्यात उरलेले मंत्री नदीकाठची दालने सोडून आतल्या लहान भोजनगृहात बसले. नदीतून 'अरोरा' युद्धनौकेने पोकळ बार काढला. पहाटे दोनच्या सुमारास अंतोनोव-ओव्सेयेन्को आत शिरला आणि त्याने सर्वांना अटक केली. त्या दालनातले घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांवर थांबवून ठेवले होते, ते २०१७ साली पुन्हा चालू करण्यात आले.

त्याच रात्री उशिरा सुरू झालेल्या सोव्हिएतांच्या परिषदेने दुसऱ्या बैठकीत जमिनीचा हुकूमनामा काढला. आठ महिने अडलेले काम एका बैठकीत झाले.

आणि घटनासभा? हंगामी सरकारने ठरवलेल्या तारखेलाच तिच्या निवडणुका सुरू झाल्या. बोल्शेविकांना सुमारे चतुर्थांश मते पडली. सर्वांत मोठा पक्ष ठरला तो समाजवादी क्रांतिकारकांचा. १८ जानेवारी १९१८ ला सभा भरली, रात्रभर चालली. पहाटे पहाऱ्यावरच्या एका खलाशाने अध्यक्ष चेर्नोव याच्याजवळ येऊन सांगितले की पहारेकरी दमले आहेत, आता सभा संपवा. सभासद निघाले. पुन्हा आले तेव्हा दाराला कुलूप होते.