पडदा काळा पडला म्हणजे खातेवही बुडाली असे नव्हे

लकडगंजातील लाकडाच्या वखारी असोत किंवा इतवारी-गांधीबागेतील कापडाची दुकाने, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून आम्हा व्यापाऱ्यांचा हिशेब मोठ्या प्रमाणावर संगणकात गेला आहे. बिले, साठा, उधारी सारे तेथेच. म्हणून ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर संगणक सुरू होईना, अथवा टॅब्लेटवर भलताच पडदा आला, की छातीत धस्स होते. घाबरून आपण म्हणतो, ‘काहीही करा, पण चालू करून द्या.’ खरे नुकसान येथेच होते. यंत्र पुष्कळदा बिघडलेले नसते, फक्त वेगळ्या पद्धतीने सुरू झालेले असते.

दुकानात शॉर्टसर्किट झाले तर वायरमन काय करतो? सर्व बटणे बंद करून मेन चालू करतो आणि एकेक बटण टाकत दोष शोधतो. ‘सेफ मोड’ म्हणजे हेच. त्यात यंत्र फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून अडले. आपल्या देशात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाईल काढणे. माहिती पुसावी लागली नाही.

विंडोज १० व ११ मध्ये शिफ्टचे बटण दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करावे. पुढे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे व ४ चा आकडा दाबावा. वाटेत ‘रीसेट धिस पीसी’ दिसेल, त्याला हात लावू नये. काही लॅपटॉप बिटलॉकरची ४८ आकडी चावी मागतात. ती आधीच कागदावर उतरवून घरी ठेवावी.

अँड्रॉइड टॅब्लेटवर बहुधा पॉवरचे बटण दाबून पडद्यावरील ‘पॉवर ऑफ’ वर बोट दाबून ठेवले की सेफ मोड विचारला जातो. त्यात आपण टाकलेली अॅप चालत नाहीत. त्रास थांबला तर दोष नुकत्याच टाकलेल्या अॅपचा समजावा. ते काढून यंत्र पुन्हा सुरू करावे.

‘रिकव्हरी मोड’ मात्र जपून हाताळावा. आवाजाचे व पॉवरचे बटण एकत्र दाबले गेले की काही टॅब्लेट त्यात जातात. तेथे ‘रीबूट सिस्टम नाऊ’ निवडावे. ‘वाईप डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणजे पाटी कोरी. त्यानंतर जुन्या गुगल खात्याचा पासवर्डही मागितला जातो. आयपॅड संगणकाला जोडल्यावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात. आधी अपडेटच निवडावे, कारण त्यात माहिती राहते. रिस्टोअरमध्ये ती पुसली जाते.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमात झाले. पडद्यावरील इंग्रजी पाहून आपण बिचकतो आणि दुरुस्तीवाला म्हणेल त्याला मान हलवतो. त्यात कमीपणा नाही, पण एक प्रश्न जरूर विचारावा : ‘यात माझा हिशेब पुसला जाईल काय?’ स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत होकार देऊ नये.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले सांभाळणे हीही तितकीच मोठी जबाबदारी आहे, कारण त्यात दुसऱ्याचा हक्क असतो. म्हणून रोज शटर ओढण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुकानात न ठेवता घरी न्यावी. मग पडदा काळा पडो वा निळा, धंदा अडणार नाही.