नोंदींचे स्थलांतर : सॉफ्टवेअरचे खाते बदलण्यापूर्वी

केसपेपर ही वैद्याची दुसरी स्मृती होय. रुग्णाची प्रकृती कोणती, कोष्ठ क्रूर की मृदू, गेल्या शरद ऋतूत त्यास विरेचन दिले होते काय, कोणते द्रव्य त्यास सोसत नाही, हे सारे केवळ मनात साठविणे एका मर्यादेपलीकडे कोणासही शक्य नसते. पूर्वी ही स्मृती वहीत असे. पुढे आपल्यापैकी अनेकांनी ती संगणकाच्या स्वाधीन केली. औषधालयांनी ग्राहकांची नावे, उधारी, पुनर्भेटीची आठवण आणि घरपोच औषधांच्या नोंदी यांसाठी ग्राहक-संबंध व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, म्हणजे व्यवहारात ज्यास सी. आर. एम. म्हणतात ते, वापरावयास घेतले.

हे खाते कधी ना कधी बदलावे लागते. भागीदारी संपते, दवाखाना आणि औषधालय यांचे हिशेब वेगळे करावे लागतात, दोन शाखा एकत्र येतात, किंवा ज्या कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर खाते उघडले होते तोच नोकरी सोडून जातो. अशा वेळी ‘नोंदी इकडून उतरवायच्या आणि तिकडे चढवायच्या, तासाभराचे काम’ असे आपणास सांगितले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की, हे काम तासाभराचे नाही, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग संगणक-तज्ज्ञाचा नसून वैद्याचा आहे.

बिडकीनचे उदाहरण

पैठण तालुक्यातील बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर–पैठण मार्गावरील गाव. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा-बिडकीन प्रकल्पामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. २९ सप्टेंबर २०२४ रोजी बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे राष्ट्रार्पण झाले. शेती करणारी जुनी घराणी आणि कामासाठी बाहेरून आलेली माणसे अशा दोन्ही प्रकारचे रुग्ण ज्या गावात येतात, तेथील नोंदींत कोणत्या अडचणी उद्भवतात हे पाहिले म्हणजे आपल्या दवाखान्याच्या अडचणी आपोआप ध्यानात येतील.

समजा, अशा दवाखान्यात एकाच मोबाईल क्रमांकावर चार रुग्णांच्या नोंदी आहेत : आजी, मुलगा, सून आणि नातू. ग्रामीण भागात हे नित्याचे आहे. घरात मोबाईल अनेक असले तरी दवाखान्यात क्रमांक दिला जातो तो कर्त्या पुरुषाचाच. आजीच्या नोंदीत ‘शेरा’ या रकान्यात लिहिले आहे : ‘बिब्बा सोसत नाही, अंगावर फोड येतात.’ सुनेच्या नोंदीत लिहिले आहे : ‘गर्भिणी, चौथा मास.’

व्यापारासाठी घडविलेल्या अनेक सॉफ्टवेअरांत मोबाईल क्रमांक हीच ग्राहकाची ओळख मानण्याची सोय असते. नव्या खात्यात नोंदी चढविताना ‘एकच क्रमांक असलेल्या नोंदी एकत्र करा’ हा पर्याय निवडला की चौघांचा एक ग्राहक होतो. शेऱ्याच्या रकान्यात शेवटी आलेला मजकूर राहतो, आधीचा पुसला जातो. यंत्राने चूक केली असे येथे म्हणता येत नाही. त्यास सांगितले तेच त्याने केले. परंतु काही महिन्यांनी त्या आजी आल्या आणि नव्या साहाय्यक वैद्याने पडद्यावर काही दिसत नाही म्हणून भल्लातकाचा कल्प लिहून दिला, तर दायित्व कोणाचे? भल्लातकाचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये आहे आणि अशी द्रव्ये असलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. पण पुसल्या गेलेल्या शेऱ्यास वेष्टनावरील सूचना पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, मोबाईल क्रमांक म्हणजे रुग्ण नव्हे. प्रत्येक रुग्णास स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि मोबाईल हा केवळ संपर्काचा रकाना ठेवावा.

शोधनाचे आपण पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन टप्पे करतो. नोंदींच्या स्थलांतराचेही तसेच तीन टप्पे करावेत.

पूर्वकर्म : मोजणी व शुद्धी

प्रथम जुने खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. खात्याचा मुख्य अधिकार दवाखान्याच्या स्वतःच्या ई-मेलवर आणून मगच पुढील कामास लागावे. त्यानंतर मोजणी करावी. एकूण रुग्ण किती, भेटी किती, बिले किती, येणे असलेली एकूण उधारी किती आणि जोडलेली छायाचित्रे व अहवाल किती, हे पाच आकडे कागदावर लिहून त्याखाली तारीख घालावी. स्थलांतर पूर्ण झाले की नाही याचा निवाडा हाच कागद करील.

दुसरे काम द्विरुक्ती शोधण्याचे. विवाहापूर्वी माहेरच्या नावाने आणि पुढे सासरच्या नावाने आलेली स्त्री दोन रुग्ण म्हणून नोंदलेली असते. आपण नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असे लिहितो. परप्रांतीय कामगार दोनच शब्दांत नाव सांगतो, त्यामुळे मधला रकाना रिकामा राहतो किंवा त्यात आडनाव जाऊन बसते. कोणत्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे यंत्रास कळत नाही. जेथे शंका असेल तेथे नोंदी एकत्र करू नयेत. वेगळ्या राहिलेल्या दोन नोंदी पुढे जोडता येतात. एकदा मिसळलेल्या नोंदी वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरे काम लिपीचे. जुन्या संगणकांवर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत लिहिलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय नव्या खात्यात नेल्यास वाचता येत नाही. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार तपासावेत. औषधांच्या नावांत एका अक्षराचा फरकही क्षम्य नाही.

चौथे काम पत्त्यांचे. औरंगाबाद शहराच्या नामांतरास केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली आणि जिल्हा, तालुका व विभाग यांच्या नामांतराची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील रुग्ण नोंदींत दोन जिल्ह्यांत विभागलेले दिसतात. रुग्णाच्या चालू पत्त्यात नवे नाव सर्वत्र एकसारखे करावे. जुन्या बिलांवरील पत्ता मात्र होता तसाच राहू द्यावा, कारण बिल हा त्या दिवसाचा दस्तऐवज आहे. हेच कराच्या बाबतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नव्या खात्यात औषधाचा दर ५ टक्के ठेवून जुनी बिले चढविल्यास आणि त्यांची फेरआकारणी झाल्यास मागील सारा हिशेब बिघडेल. जुनी बिले अंतिम रकमेसह, फेरगणना न होता जातील याची खात्री करून घ्यावी.

व्याधींच्या नावांचाही याच वेळी विचार व्हावा. एकाच व्याधीस कोठे ‘आमवात’, कोठे ‘सांधेदुखी’ तर कोठे इंग्रजी नाव लिहिलेले असते. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर प्रमाणित संज्ञा व संकेतांक उपलब्ध आहेत. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचा विभाग आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात प्रकाशित केला. नव्या खात्यात संकेतांकासाठी एक रकाना आजच ठेवल्यास पुढील श्रम वाचतील. परंतु वैद्याने त्या दिवशी लिहिलेले मूळ शब्द बदलू नयेत. संकेतांक त्यांच्या शेजारी लिहावा.

प्रधानकर्म : क्रमाने नेणे

शुद्धी झाल्यावर नोंदी एकदम चढवू नयेत. आधी कर्मचारी, नंतर औषधांची यादी, मग रुग्ण, त्यानंतर भेटी, बिले आणि सर्वांत शेवटी जोडपत्रे हा क्रम ठेवावा. भेट रुग्णाशी जोडायची असते. रुग्णच नसेल तर भेट निराधार राहते. जुन्या खात्यातील रुग्ण-क्रमांक नव्या खात्यात ‘जुना क्रमांक’ या स्वतंत्र रकान्यात अवश्य न्यावा. भेटी आणि बिले योग्य रुग्णाशी जोडण्याचा तोच दुवा असतो. बिलांसोबत औषधाचा बॅच क्रमांक जातो की नाही, हे औषधालयाने विशेष पाहावे. एखादा बॅच परत बोलवावा लागला तर तो कोणाकोणास दिला हे त्यावाचून कळणार नाही.

आरंभी पंचवीस नोंदींची चाचणी घ्यावी. या पंचवीस नोंदी सोप्या नकोत. एकाच मोबाईलचे कुटुंब, दोन नावांची स्त्री, उधारी असलेला ग्राहक, लांबलचक शेरा, जुन्या टंकातील मजकूर आणि पंचकर्माची दैनंदिन नोंद, अशा अवघड नोंदी मुद्दाम निवडाव्यात. त्या प्रत्यक्ष वैद्याने जुन्या नोंदीशेजारी ठेवून वाचाव्यात.

येथे तीन खाचखळगे नेहमी आढळतात. एक म्हणजे तारीख. ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हे सॉफ्टवेअरच्या मांडणीवर अवलंबून असते. दुसरे म्हणजे मोबाईल क्रमांक. मागे ९१ लावलेला बारा अंकी क्रमांक एक्सेलमध्ये संक्षिप्त रूपात दिसू लागतो आणि तशीच फाईल जतन झाल्यास शेवटचे अंक गमावले जातात. म्हणून तो रकाना मजकुराच्या स्वरूपात ठेवावा. तिसरे म्हणजे स्वयंचलित संदेश. नव्या खात्यात ‘नवा ग्राहक आल्यास स्वागताचा संदेश पाठवा’ ही सोय चालू असेल, तर दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या रुग्णासही संदेश जाईल आणि जे रुग्ण दिवंगत झाले त्यांच्या घरीही जाईल. त्या कुटुंबाच्या मनास काय वाटेल याची कल्पना करावी. नोंदी चढविण्यापूर्वी सारे स्वयंचलित संदेश बंद करावेत आणि दिवंगत रुग्णांच्या नोंदींवर तशी खूण करावी.

व्यापारी लघुसंदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रेषकाचे नाव आणि संदेशाचा नमुना नोंदवावा लागतो. नव्या खात्याशी त्यांची जोडणी आधी करून घ्यावी. जुने संदेश-नमुने नेताना एकदा वाचूनही पाहावेत. मधुमेहासारख्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने निषिद्ध आहे. असे नमुने मागेच ठेवावेत.

अखेरच्या स्थलांतरासाठी साप्ताहिक सुटीचा दिवस निवडावा, बाजाराचा नव्हे. त्या अवधीत जुन्या खात्यात नवी नोंद करू नये. तातडीचा रुग्ण आलाच तर कागदावर लिहावे आणि दुसऱ्या दिवशी नव्या खात्यात उतरवावे.

पश्चात्कर्म : संसर्जन

शोधनानंतर आपण रुग्णास लगेच नेहमीचा आहार देत नाही. त्याचप्रमाणे नवे खाते सुरू होताच जुने बंद करू नये. पूर्वी लिहिलेले पाच आकडे नव्या खात्यातील आकड्यांशी ताडून पाहावेत. उधारीची बेरीज एका रुपयाने जरी चुकली तरी कारण शोधावे. ती चूक सहसा एकटी नसते. पहिला महिनाभर प्रत्येक जुन्या रुग्णास ‘आपणास कोणते औषध सोसत नाही?’ हा प्रश्न पुन्हा विचारावा आणि उत्तर नोंदीशी ताडावे. यास अर्धा मिनिट लागतो.

जुन्या खात्याची वर्गणी संपण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत, जोडपत्रांसह, दोन ठिकाणी जतन करावी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. मात्र कामासाठी काढलेल्या मधल्या फायली संगणक-तज्ज्ञाच्या पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर राहू देऊ नयेत. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. कायदा नसता तरी रुग्णाचे गुह्य राखणे हा वैद्याचा धर्म आहेच.

जुन्या नोंदींचे मोल मराठवाड्यास नव्याने सांगावयास नको. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी लिपीतील कागद पुन्हा उघडावे लागले. ज्यांनी ते लिहिले त्यांना हा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी कागद टाकून दिले नाहीत, एवढेच त्यांचे ऋण.

आपल्या शास्त्रातही स्थलांतराचे मोठे उदाहरण आहे. अग्निवेशाच्या तंत्राचा चरकाने प्रतिसंस्कार केला आणि पुढे दृढबलाने चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान यांची पूर्ती केली. आपण कोणता भाग पूर्ण केला हे त्याने ग्रंथातच सांगून ठेवले, म्हणून मूळ कोणते आणि भर कोणती हे आज आपणास कळते. नव्या खात्यातही तसेच असावे. काय जसेच्या तसे आले, काय दुरुस्त केले, कोणी केले आणि कोणत्या दिवशी, हे एका पानावर लिहून दवाखान्यात ठेवावे.

खाते बदलण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्या वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयाच्या मालकांनी आज एवढेच करावे : एकाच मोबाईल क्रमांकावर असलेली दहा कुटुंबे काढावीत आणि त्यांतील प्रत्येक रुग्णाचा शेरा स्वतः वाचावा. पुढे काय करावयाचे ते त्या शेऱ्यांतूनच कळेल.