मूळ रंग कोणता?

समजा, आपल्यापुढे एक जुनी अमेरिकन मोटार उभी आहे. १९७० सालची डॉज चॅलेंजर. बाहेरून ती पांढरी आहे. दार उघडले की बिजागरीपाशी पांढऱ्या रंगाचा पोपडा निघालेला दिसतो, त्याखाली लाल रंग आहे, आणि लाल जिथे झिजला आहे तिथे जांभळा रंग डोकावतो आहे. मालकाची इच्छा एवढीच आहे, की गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी व्हावी. तर मग तिला कोणता रंग द्यायचा?

"जांभळा!" असे विद्यार्थी चटकन सांगतील. उत्तर बरोबर असू शकेल. पण कोणता जांभळा? कशात कालवलेला? आणि जांभळ्याच्याही खाली आणखी काही नसेल कशावरून? या प्रश्नांचा पाठपुरावा करताना रसायनशास्त्र, प्रकाश, डोळ्याची रचना आणि इतिहास हे चारही विषय एकत्र येतात. म्हणून ही मोटार आपल्या वर्गात आणण्यासारखी आहे.

या गाड्या कोणत्या?

१९६४ साली पोन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे सुमारे ६.४ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवले. या गाडीचे नाव जीटीओ. अशा हलक्या पण दांडग्या ताकदीच्या गाड्यांना पुढे 'मसल कार' म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी असे नाव पडले. विम्याचे वाढते हप्ते, धुरावरील निर्बंध आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे त्यांचा बहर दहाएक वर्षांत ओसरला. गिऱ्हाईक होते तरुण. त्यामुळे रंगही भडक. क्रायस्लर कंपनीच्या रंगांची नावेच पाहा : 'प्लम क्रेझी', 'गो मँगो', 'टॉप बनाना'! आज या गाड्या संग्राहक मोठी किंमत मोजून घेतात, आणि किंमत ठरवताना 'रंग मूळचा आहे का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो.

पहिला साक्षीदार : पत्र्याची पट्टी

क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये बॉनेट उघडले की डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला एक लहानशी धातूची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. कारखान्यातील कामगारांना गाडीवर काय काय चढवायचे हे कळावे म्हणून तिच्यावर सांकेतिक अक्षरे उठवलेली असत. त्यात रंगाचाही संकेत असे. आपल्या गाडीच्या पट्टीवर 'एफसी ७' असे असेल, तर तो प्लम क्रेझी हा जांभळा. गंमत म्हणजे हाच रंग त्याच कंपनीच्या प्लिमथ गाड्यांवर 'इन-व्हायोलेट' या नावाने विकला जाई. नावे दोन, संकेत एक. विज्ञानात आपण वनस्पतींची शास्त्रीय नावे का वापरतो, हे सांगायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

पण या साक्षीदारावर सर्वस्वी विसंबता येत नाही. स्क्रूने बसवलेली पट्टी स्क्रूने काढताही येते. दुसरे असे, की गिऱ्हाइकाने यादीबाहेरचा खास रंग मागितला तर पट्टीवर '९९९' असा संकेत येई. त्याचा अर्थ फक्त 'खास मागणीचा रंग'. कोणता, ते पट्टी सांगत नाही. तेव्हा गाडीलाच विचारावे लागते.

दुसरा साक्षीदार : थर

अनुभवी कारागीर एखादी आडोशाची जागा निवडतो. डिकीच्या रबरी पट्टीखाली, दाराच्या उंबऱ्यावरील पत्र्याखाली किंवा डॅशबोर्डमागे. तेथे बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढा गोल हलक्या हाताने घासतो. मधोमध जास्त, कडेला कमी. थोड्याच वेळात तेथे धनुर्विद्येच्या लक्ष्यासारखी वर्तुळे उमटतात. सगळ्यात बाहेर पांढरे, मग लाल, मग जांभळे, मग करडे अस्तर, म्हणजे प्रायमर, आणि केंद्रात लखलखीत पोलाद. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे येथेही सर्वांत जुने ते आत. ऐतिहासिक वास्तूंच्या भिंतींचा मूळ रंग शोधतानाही हीच रीत वापरतात.

येथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, जांभळा थर थेट अस्तरावर बसला आहे का? दोहोंमध्ये मळ, ओरखडे किंवा लांबी सापडली तर तो नंतर कधीतरी दिलेला असणार. दुसरी, थरांची जाडी. कारखान्यातील अस्तर आणि रंग मिळून साधारण १०० मायक्रोमीटर भरतात, म्हणजे जाडसर केसाएवढे. ही जाडी न घासताही मोजता येते. जाडीमापकाचे टोक पत्र्यावर टेकवले की पोलाद त्याच्या चुंबकीय क्षेत्रावर किती परिणाम करते यावरून मधल्या रंगाची जाडी समजते. दाराच्या एका भागात आकडा अचानक हजारावर गेला, तर तेथे पोचा पडून लांबी भरली गेली आहे असे समजावे.

रंग वाळतो म्हणजे काय होते?

आता रंगाच्या आत डोकावू. कोणत्याही रंगात मुख्यत: तीन घटक असतात. रंग दाखवणारी पूड म्हणजे रंगद्रव्य, पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बंधक, आणि हे सगळे पातळ करणारा द्रावक. फवारल्यावर द्रावक उडून जातो. पण बंधकाचे पुढे काय होते, यावरून रंगांचे दोन प्रकार पडतात.

नेलपॉलिश आठवा. ते नुसते सुकते. महिन्याने रिमूव्हर लावले तरी पुन्हा विरघळते, कारण बंधकाचे लांबलचक रेणू एकमेकांशेजारी नुसते पडलेले असतात, जोडलेले नसतात. अशा रंगाला लॅकर म्हणतात. याउलट खिडकीला लावलेला तैलरंग. त्यात रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले जातात आणि जाळे तयार होते. जाळे विरघळत नाही. हा इनॅमल.

१९२० च्या दशकापर्यंत मोटारींना तैलरंगाच्या जातीचे रंग देत. ते वाळायला अनेक दिवस लागत. १९२३ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आले. दिवसांचे काम तासांवर आले आणि रंगीबेरंगी गाड्या मोठ्या संख्येने करणे परवडू लागले. मसल कारच्या काळात जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरीत असे, तर फोर्ड आणि क्रायस्लर भट्टीत भाजलेले इनॅमल. लॅकर तापवले की मऊ होते. त्याचा फायदा घेऊन जनरल मोटर्समध्ये गाडी भाजायची, दोष घासून काढायचे आणि पुन्हा भाजायची अशी पद्धत होती. दुसऱ्या भट्टीत घासल्याचे ओरखडे वितळून बुजत. इनॅमलला हे जमत नाही, कारण जाळे एकदा झाले की झाले.

यातून एक सोपी परीक्षा मिळते. आडोशाच्या जागी थिनरचा बोळा फिरवला आणि बोळ्याला भरपूर रंग लागला, तर तो थर लॅकरचा असण्याची शक्यता मोठी. आपल्या चॅलेंजरचा जांभळा थर असा सुटून आला, तर? ती क्रायस्लरची गाडी आहे. तिचा कारखान्यातला थर इनॅमलचा हवा. म्हणजे जांभळा रंग खरा, पण थर नंतरचा असू शकेल!

ऊन काय करते?

उन्हातील अतिनील किरण बंधकाचे रेणू तोडतात. मग पृष्ठभागावर सैल झालेली रंगद्रव्याची पूड उरते. जुन्या गाडीवरून हात फिरवला तर हाताला खडूसारखा रंग लागतो तो यामुळे. काही रंगद्रव्येही प्रकाशाने बदलतात, आणि सगळी सारख्या वेगाने नव्हे. त्यामुळे छप्पर आणि दाराची आतली कड यांचे रंग वेगळे होतात. म्हणून नमुना नेहमी अंधारातल्या जागेचा घ्यायचा.

जुळवाजुळव

नमुना मिळाला. आता तसाच रंग बनवायचा. दुकानातला वर्णपटमापक नमुन्यावर प्रकाश टाकतो आणि प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला ते मोजतो. १९७६ साली ठरलेल्या एका आंतरराष्ट्रीय पद्धतीने दोन रंगांतील अंतर 'डेल्टा ई' या संख्येने सांगता येते. हे अंतर साधारण १ च्या आत असेल तर डोळ्याला फरक जेमतेम कळतो.

तरीही फसगत होते. कशी, ते साडीच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस साडीशी अगदी जुळतो आणि रस्त्यावर उन्हात येताच वेगळा दिसतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. संपूर्ण वर्णपटाचा हिशेब त्या तीन आकड्यांत उरकतात. त्यामुळे दोन वेगळ्या रंगद्रव्यांकडून येणारा प्रकाश वेगळा असूनही एखाद्या दिव्याखाली तीन आकडे सारखे येऊ शकतात. दिवा बदलला की आकडे बदलतात आणि बिंग फुटते.

हे टाळायचे तर मूळचीच रंगद्रव्ये वापरायला हवीत. अडचण अशी, की त्या काळच्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिसे आणि क्रोमियम यांची संयुगे सर्रास असत. ती विषारी आहेत. आजचे कारागीर शिसेविरहित रंगद्रव्यांतून तोच रंग साधतात. तो एका प्रकाशात तंतोतंत जुळेल, सगळ्या प्रकाशांत जुळेलच असे नाही.

प्लम क्रेझीमध्ये आणखी एक गुंता आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. रंग ओलसर फवारला तर त्या चकत्यांना हलायला वेळ मिळतो आणि त्या वेड्यावाकड्या बसतात. कोरडा फवारला तर सपाट बसतात आणि समोरून रंग उजळ दिसतो. डबा एकच, पण हात बदलला की छटा बदलते.

'मूळ' म्हणजे नेमके काय?

आता आपण अवघड जागी आलो. आजचा दोन घटक मिसळून लावायचा युरेथेन रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर घेतला, तर गाडी आरशासारखी चमकते. पण १९७० साली ती तशी नव्हती. पारदर्शक थराची पद्धत १९८० च्या दशकात रुळली. कारखान्यातील रंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड असे, कोठे ओघळही असत. म्हणून काही जाणकार ही खडबडही मुद्दाम पुन्हा आणतात, आणि अतिसुंदर झालेल्या गाडीला प्रदर्शनात कमी गुण मिळू शकतात.

म्हणजे 'मूळ'चे तीन अर्थ झाले. मूळ दिसणे, मूळ कृती आणि मूळ पदार्थ. दिसणे बऱ्याच अंशी परत आणता येते. कृती परत आणणे कठीण, कारण जुन्या लॅकरमधून उडणाऱ्या द्रावकांवर अमेरिकेत १९९८ पासून देशव्यापी मर्यादा आहेत. आणि पदार्थ? तो ५० हून अधिक वर्षांपूर्वी त्या भट्टीतून निघालेला केसाएवढा थर. तो एकदा घासून टाकला की जगातल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही.

म्हणूनच शहाणा कारागीर कामाची सुरुवात पॉलिशपेपरने करत नाही. आधी छायाचित्रे, जाडीचे आकडे, थरांचा क्रम यांची नोंद. मग एक आडोशाची जागा कायमची न रंगवता सोडायची, म्हणजे पुढच्या पिढीला आपले निष्कर्ष तपासता येतील. आणि मूळ थर बराचसा शिल्लक असेल तर गाडी रंगवायचीच नाही. साफ करून तशीच जपायची. मालकाला हे पटवणे वर्णपटमापक चालवण्यापेक्षा कठीण असते.

वर्गात करून पाहा

१. लाकडाच्या ठोकळ्यावर ॲक्रिलिक रंगांचे चार-पाच थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. क्रम फक्त एका गटाला माहीत असावा. दुसऱ्या गटाने ओल्या पॉलिशपेपरने गोल घासून क्रम ओळखावा.

२. एका काचेवर नेलपॉलिश आणि दुसऱ्या काचेवर तैलरंग लावा. महिन्याने दोहोंवर रिमूव्हरचा बोळा फिरवा. तैलरंग सुरकुतेल, सोलूनही निघेल. तो विरघळतो का ते पाहा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

३. एकाच रंगाची वाटणारी, पण वेगवेगळ्या दुकानांतील चिंध्या जमवा. ऊन, ट्यूबलाइट आणि एलईडी दिवा यांखाली जोड्या लावा. जोड्या बदलतात का?

एक सूचना मात्र कसोशीने पाळा. शाळेच्या जुन्या खिडक्या किंवा बाके या प्रयोगासाठी घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना फार घातक असते.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा. ती चॅलेंजर तुमची असती, तिचा निम्मा जांभळा थर पांढऱ्याखाली अजून शाबूत असता, तर तुम्ही तिला नवी कोरी जांभळी केली असती, की जपून पांढरा काढून तिचा तो विटका जांभळा तसाच ठेवला असता? उत्तर कोणतेही येवो. कारण मात्र जरूर मागा.