दाढेची जागा आणि धातूचे मूळ

हिवाळा लागला की सुरतेत पोंकाचे दिवस येतात. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडाच. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत यंत्रमाग व कापडधंद्याच्या आश्रयाने स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना त्याची चव परकी नाही. परंतु ज्याच्या मागच्या दाढा गेल्या, त्याला समोर हुरडा असूनही मऊ लोचोवरच भागवावे लागते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अशा वेळी पटते.

पडलेली दाढ हसताना दिसत नाही, म्हणून तिची उपेक्षा होते. वस्तुतः हानी पुढे चालूच राहते. शेजारच्या दाढा मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ अडसर नाहीसा झाल्याने बाहेर सरकू लागते आणि रिकाम्या जागेचे हाड झिजत जाते. ही उणीव भरून काढण्याचे मार्ग मुख्यतः तीन. काढघाल करण्याची कवळी, शेजारचे दात घासून त्यांवर बसविलेला पूल, आणि जबड्याच्या हाडात धातूचे मूळ रोवून त्यावर उभारलेली दाढ, म्हणजे इम्प्लांट. तिसरा मार्ग खर्चाचा. साहजिकच मजुरीवर संसार चालविणारा मनुष्य प्रथम विचारतो, ‘हे टिकेल किती वर्षे?’

या विद्येचा पाया योगायोगाने घातला गेला. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटेनियमचे उपकरण काढू गेले, तो ते निघेना. धातू व हाड एकजीव झाल्यासारखे झाले होते. १९६५ साली त्यांनी येस्ता लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात असे धातूचे आधार बसविले. २००६ साली लार्सन निवर्तले तोवर, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्या आधारांनी त्यांची सेवा केली.

एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही, हे खरे. तथापि पुढील अनुभवही आशादायकच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात दहा वर्षांनंतर शंभरांपैकी सुमारे शहाण्णव इम्प्लांट जागेवर असल्याचे आढळले. मात्र तपासणीला येणे सोडून दिलेल्यांचाही अंदाज हिशेबात धरला, तेव्हा हा आकडा त्र्याण्णवाच्या आसपास उतरला. जो परत आला नाही, त्याची दाढ टिकली की गेली हे कोणास ठाऊक? शिवाय ‘टिकणे’ आणि ‘निरोगी असणे’ एक नव्हे. भोवतीचे हाड झिजत चालले असले, तरी तोंडात उभे असलेले मूळ टिकलेल्यांतच मोजले जाते.

मागच्या दाढांची परीक्षा विशेष कठीण असते. चर्वणाचा मोठा भार त्यांच्यावरच पडतो. वरच्या जबड्यात मागे हाड भुसभुशीत असते आणि त्यावर नाकालगतची हवेची पोकळी असल्याने त्याची उंचीही कमी पडते. म्हणून हाड धातूला धरीपर्यंत मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात तीन-चार महिने, तर वरच्या जबड्यात पाच-सहा महिने थांबत असत. दुसरी गोष्ट अशी की, नैसर्गिक दाताभोवती तंतूंची नाजूक गादी असते. ती धक्का सोसते व खडा लागताच सूचना देते. धातूच्या मुळाला ती गादी नाही. झोपेत दात खाणाऱ्याच्या इम्प्लांटवर त्यामुळे अतोनात ताण येतो, आणि कधी स्क्रू सैल होतो, तर कधी वरचे आवरण फुटते.

धातूला कीड लागत नाही, यावरून त्याची निगा नको असे समजणे ही मोठीच चूक होय. भोवती साचलेल्या किटणातील जंतूंनी हिरडी सुजते आणि पुढे हाड खाल्ले जाते, तेही बहुधा न दुखता. ज्याची मूळची दाढ हिरडीच्या रोगाने गेली, त्याला हा धोका अधिक. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळते. ताब्यात नसलेला मधुमेह जखम भरू देत नाही. गुजरातेत २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू व मावा सुटलेला नाही. दाढेसाठी पैसे साठविण्यापूर्वी ही सवय सोडणे हीच पहिली बचत ठरेल.

सुरतेसारख्या शहरात आणखी एक अडचण उद्भवते. माणूस आज येथे, तर उद्या धुळ्या-जळगावकडे गावी परततो. निरनिराळ्या कारखान्यांचे स्क्रू एकमेकांना चालत नाहीत. म्हणून बसविलेल्या इम्प्लांटचे नाव व माप लिहिलेले कार्ड दंतवैद्याकडून मागून घ्यावे आणि रेशनकार्डाइतकेच जपावे. वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी. हिरडीतून रक्त आले तर दुखण्याची वाट पाहू नये.

इम्प्लांट प्रत्येकाला लागतोच असे नाही. कित्येकांचे काम पुलाने किंवा कवळीनेही उत्तम भागते. आणि वाचण्याजोगी असलेली स्वतःची दाढ वाचविणे, हा तर सर्वांहून श्रेष्ठ उपाय. धातूचे मूळ दीर्घायुषी आहे खरे. परंतु ते आयुष्य दंतवैद्याच्या हातात जितके असते, तितकेच रोज सकाळी व रात्री ब्रश धरणाऱ्या हातातही असते.