सरड्याची धाव शिखरापर्यंत

आमच्या श्रीरामपुरात थंडीत सरडा कुंपणावर ऊन खात बसतो. अंगात ऊब जमा झाल्याखेरीज त्याचा खर्च सुरू होत नाही. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन पटतं. मे महिन्यात तोच सावली धरतो.

लडाखमध्ये ४,००० मीटरच्या वर राहणारा एक सरडा अंडी घालतच नाही. गार मातीत ती उबणार कशी? आई उन्हात बसून पोटातली पिल्लं वाढवते.

मग हवा तापली तर त्यांची चंगळच, नाही का? मेक्सिकोत उलटं घडलं. पाहिलेल्या २०० ठिकाणांपैकी १२ टक्के ठिकाणचे सरडे १९७५ नंतर नाहीसे झाल्याचं बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं. विणीच्या दिवसांत उन्हापायी बिळात बसावं लागतं, पोट भरत नाही. पिल्लं देणाऱ्या जातींना धोका अधिक. वर सरकायचं तर शिखरापर्यंतच.